एका कुळीचा बोर्ड

सर, तुमचा जावई चांगला माणूस आहे. माझी तक्रार एवढीच आहे. वाईट निघाला असता तर मला हे लिहायची वेळच आली नसती, गेवराईच्या स्टँडवर धरून दोन ठेवून दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण हा उन्हातून येतो आणि आधी दुसऱ्याला पाणी विचारतो. काकूंना आई म्हणतो, मला भावा म्हणतो. अशा माणसाचा राग धरून ठेवायला लई ताकद लागते, आणि हा सगळा उन्हाळा मी ती लावतोय. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी कधी असा बोललो नाही. वर्षश्राद्धाला घरी यायचो, फोटोला हात जोडायचो, जेवून जायचो. आता बोलतोय, कारण तुमच्या लेकीबद्दलची तक्रार ऐकून घेईल असा दुसरा माणूस मला दिसत नाही. तुम्ही जिवंत असता तर तुम्हालाही ऐकवली नसती. आमचं घर तलवाड्याचं, रानातलं, आणि तुमच्या देवळीत सकाळ-संध्याकाळ विभूतीची वाटी. आपल्या घरांची सोयरीक होत नाही हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी काही मागितलंही नव्हतं. पण न मागितलेली गोष्ट दुसऱ्याला मिळाली तरी पोटात दुखतं, हे मला नव्यानं कळलं.

तर गोष्ट तुमच्या हार्ड डिस्कची. तुम्ही गेल्यावर तुमचं कॉम्प्युटरचं दुकान, जिथं मी काम शिकलो, ते बंद केलं तेव्हा काकूंनी कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबलं, सगळं विकलं, फक्त तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून ठेवायला लावली. ती मीच काढून दिली होती. त्यांनी ती तुमच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवली. तिच्यात तुमचा आवाज होता. तालुक्यातल्या लोकांना तुमचं तोंड कमी आणि आवाज जास्त माहीत. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत शिरली की बाया दारात यायच्या, कारण डोळे तपासायचं शिबिर असो, साड्यांचा सेल असो, जत्रेतल्या कुस्त्या असोत की कुणाची म्हैस हरवलेली असो, बोलणारे तुम्हीच. मागच्या खोलीत आपण दाराला गादी टांगून रेकॉर्डिंग करायचो. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. तुम्ही बनियनवर, कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामानं ओघळलेले, आणि मी कॉम्प्युटरपाशी. तुम्ही बोट वर केलं की मी बटण दाबतो. तुम्ही एका दमात चार गावांची नावं घेता, आणि मधेच बाहेर कोंबडा ओरडला की "घाल त्याला मसाला" म्हणून परत पहिल्यापासून. मंडपवाल्यांसाठी तुम्ही लग्नाचे पुकारेही करून ठेवले होते, नावं न घेता, म्हणजे कोणत्याही लग्नात चालतील असे. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या लेकीला त्यातलाच एक पाहिजे होता. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं, हा. तिचं म्हणणं एवढंच की लग्नाच्या दिवशी तिला मंडपात बोलावणारा आवाज तुमचा असावा. अर्ध्या तालुक्याच्या पोरींना त्या आवाजानं बोलावलं, मग तिनं काय घोडं मारलं होतं?

आता सांगा, ही डिस्क कुणाला द्यायला पाहिजे होती? माझं दुकान तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. ती रोज शाळेत शिकवायला जाते तेव्हा माझ्या शटरसमोरून जाते. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डिस्का उघडून बसलेला असतो, आणि ती तुमची डिस्क रुमालासकट त्याला देते, कारण तो पुण्यात कंपनीत आहे आणि "त्याला त्यातलं कळतं". त्याला प्रोग्राम लिहिता येतो, सर. डिस्क म्हणजे काय, हे त्यानं फोटोत बघितलेलं. डिस्क बाहेरून लावायचा डबा त्यानं आणला, डब्याचा चार्जर पुण्यात विसरला, आणि तुमच्याच ओट्यावर बसून लॅपटॉपच्या चार्जरची पिन डब्यात घातली. पिन बसली. पिन बसली म्हणजे जुळली, असं त्याला वाटलं. बारा व्होल्टच्या जागी एकोणीस गेले. काकू सांगत होत्या, आधी उदबत्ती विझल्यासारखा वास आला.

एवढ्यावर तरी माझ्याकडं यावं की नाही? नाही. त्यानं डिस्कच्या वरच्या स्टिकरवरचा नंबर टाकून ऑनलाइन बोर्ड मागवला. डिस्कच्या पोटाखाली स्क्रूनं बसवलेला हिरवा बोर्ड असतो तो. स्क्रू काढले, नवा बसवला, डिस्क फिरायला लागली, पण कॉम्प्युटरला काही दिसेना. तेव्हा कुठं एका दुपारी तुमची लेक माझ्या काउंटरसमोर उभी राहिली, रुमाल उघडून.

"बघतो का जरा?"

मी बघितलं. स्क्रूची डोकी सोललेली. मी म्हणालो, "कुणी उघडली?"

"तू चिडणार नसशील तर सांगते."

"मी कावून चिडू? मला कुणी विचारलंय का आधी?"

"हे बघ, सुरुवात झाली तुझी." तिनं स्टूल ओढलं. "बाबांसमोरबी असाच फणकारायचास."

"मग पुण्याला ने. तिथं लई हुशार लोक हायेत."

"नेऊ?"

"ने."

ती गेली नाही. स्टुलावर बसून राहिली, हातात रुमाल घेऊन. एक माणूस झेरॉक्स विचारायला आला, त्याला तिनंच सांगितलं की इथं होत नाही, पुढच्या दुकानात जा. मग हळूच म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत न्हाई चार दिवस झाले. लई बोलले मी त्याला." माझ्याशी ती आयुष्यात कधी अबोला धरून बसली नाही, सर. अबोला धरायला माणूस तेवढा जवळचा लागतो. मी डिस्क उलटी केली आणि नवीन बोर्ड बघितला आणि मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं, "जुना बोर्ड कुठाय?"

"जळालेला? त्याच्याकडंच असंल. रूमवर. का, टाकला असंल तर?"

मी असा ओरडलो की समोरचा चप्पलवाला दुकानातून बाहेर आला.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मी नवीन नवीन होतो तेव्हाचा? एका फोटोग्राफरच्या डिस्कचा बोर्ड जळालेला, मी स्टिकर जुळवून दुसरा बसवला आणि चालेना म्हणून तावातावानं जळका बोर्ड खिडकीतून नालीत फेकला. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "जा, काढून आण." मी म्हणालो, सर, मेलेला हाय तो. तुम्ही म्हणालात, "मेलेला तूच हायेस, अक्कल चालत न्हाई म्हणून. त्याच्यावर ती आठ पायांची चिप दिसती का? डिस्क फॅक्टरीतून निघताना हिची वळणं, हिचे तिढे सगळे त्या चिपमधी भरलेले असत्यात. बोर्ड हजार मिळतील बे, चिप एकच. ती काढून नव्या बोर्डावर लावायची, तवा डिस्क वळखती." मी नालीत गुडघ्यावर बसलो, हात कोपरापर्यंत आत. तुमची लेक शाळेतून आली, पाठीवर दप्तर, आणि नाक धरून उभी राहिली. "बाबा, ह्याला आंघोळ घालूनच आत घ्या." तिच्यासमोर झालेली ती फजिती मी कितीतरी दिवस विसरलो नव्हतो. बोर्ड सापडला. तुम्ही तो पेट्रोलनं पुसला, टेबलावर ठेवला, आणि मला चहा पाजला, पण बोलला नाहीत संध्याकाळपर्यंत.

त्याला फोन तिनंच लावला, माझ्यासमोर. चार दिवसांचा अबोला माझ्या काउंटरवर मोडला, माझ्याच डोळ्यांदेखत. बोर्ड त्यानं टाकला नव्हता. पाकिटात घालून ठेवला होता, फेकायला जीव झाला नाही म्हणाला. शनिवारी सकाळच्या गाडीनं तो बोर्ड घेऊन आला, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. मी त्याच्या हातातून पाकीट घेतलं, भिंगाखाली धरलं. आत येणाऱ्या करंटची वाट काळी पडलेली, मोठी चिप फुगलेली, पण आठ पायांची छोटी चिप साफ होती. भिंग मात्र मी डोळ्यापासून काढलं नाही. त्याला अजून थोडं ताटकळू दे असं वाटलं.

"भावा, निघेल का रे आवाज?"

"बोर्ड पाहिजे. हा जो तू ऑनलाइन मागवला तो चालणार न्हाई."

"नंबर तर सेम आहे ना?"

"वरच्या स्टिकरचा सेम हाय. बोर्डावर छापलेला नंबर बघ. शेवटची अक्षरं बघ. मोठी चिप बघ, दुसरीच हाय. एकाच नावाच्या डिस्का कंपनी वर्षभर बनवती, मधेच आतला माल बदलती. वरून सगळ्या सारख्या."

त्यानं दोन्ही बोर्ड हातात घेतले, शेजारी शेजारी धरले, आणि ओठ हलवत अक्षरं वाचली. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखा माणूस वरून बघून सोयरीक जुळवतो." मला हसू आलं. मला हसू यायला नको होतं. असं तुम्ही बोलायचात. तुम्ही म्हणायचात, लग्नात एका कुळीचं चालत न्हाई, हितं एकाच कुळीचं लागतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप त्याच्या तोंडात आलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका कुळीचा बोर्ड कुठं मिळेल हे मात्र मलाच माहीत होतं, आणि तेही तुमच्यामुळं. तुम्ही कॉम्प्युटर जोडून विकायचात तेव्हा डिस्का सुट्ट्या कधी आणल्या नाहीत. एकाच लॉटचा खोका आणायचा, आणि त्यातल्या डिस्का जवळच्या जवळ गावांत बसवायच्या. व्यापारी हसायचे, सर म्हणजे एका घरच्या पोरी एकाच शिवारात देतात. तुम्ही म्हणायचात, एकीला काही झालं तर दुसरी धावून येईल. तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेली डिस्क ज्या खोक्यातून आली, त्याच खोक्यातल्या बाकीच्या आपण दोघांनी तुमच्या गाडीवरून पोचवल्या होत्या. एक तलवाड्याच्या शाळेत, एक चकलांब्याला एका मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात. बाकीच्या कुठं गेल्या ते मला आठवत नाही, पण ह्या दोन मी विसरणं शक्य नाही, कारण चकलांब्याहून येताना तुम्ही मला पहिल्यांदा गाडी चालवायला दिली होती आणि मी ती वेशीपाशीच बाभळीत घातली होती.

मी एकटा जाणार होतो. तुमची लेक म्हणाली, त्याला घेऊन जा, तेवढंच त्याला बरं वाटेल. त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याला माझ्या गाडीवर मागं बसवून उन्हात निघालो, सर. कुणाला सांगितलं तर हसतील. तलवाड्यात शाळेचे जुने कॉम्प्युटर भंगारात गेलेले. शिपाई म्हणाला, भंगारवाला बीडचा होता का पाथर्डीचा, ते काय आता सांगता येणार न्हाई. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी त्याला घरी नेलं नाही. आईनं त्याला भाकरी वाढली असती, त्यानं ती बोटं चाटून खाल्ली असती, आणि आईला तो आवडला असता. रस्त्यात तो मागून विचारत होता, सर कसे होते, ती लहानपणी कशी होती, सर रागवायचे का. मी वाऱ्यात ऐकू येत नाही असं करत होतो. ऐकू येत होतं.

चकलांब्याची मावशी आता जाड भिंगाच्या चष्म्यातून बघते, पण जीभ तशीच आहे. दुकानात तुमचा कॉम्प्युटर अजून चालू. धुळीनं पांढरा झालेला, पण चालू. मी सांगितलं, मावशे, ह्यातली डिस्क पाहिजे.

"चालू डिस्क? चालत्या बैलाचं शिंग मागाय आलास का?"

"सगळं नव्या डिस्कवर उतरवून देतो. तुमचा एक कागद इकडचा तिकडं होणार न्हाई."

"आन् झालं तर? अर्ध्या गावाचे दाखले हायेत ह्याच्यात." मग तिनं त्याच्याकडं बघितलं. "हे कोण? शेरातलं दिसतंय."

मी म्हणालो, "सरांचे जावई."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "ह्या बया. सरांचे जावई हायेत का? आधी नाय सांगायचं? बसा, बसा की." त्याला खुर्ची दिली. मला स्टूलही नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् तू कोण? तुला कुठं तरी बघितलाय."

मी काय सांगणार होतो? ह्या कॉम्प्युटरचा प्रत्येक स्क्रू मी आवळलाय. मावशीच्या ह्याच टेबलाखाली वायरी ओढताना माझं डोकं फुटलं होतं आणि मावशीनंच हळद लावली होती. मी म्हणालो, "मी सरांच्या दुकानात होतो."

"हां, ते गाडी बाभळीत घालणारं पोरगं!" ती खदखदून हसली. त्याला सांगायला लागली, काटे कसे काढले, सर कसे हसून लोळत होते. तोही हसला. माझ्याकडं बघून हसला, मला धरून हसला, मला एकटं पाडून नाही, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. मग त्यानं सगळं खरं सांगितलं. चार्जर माझ्या हातून लागला, मावशी. लग्नात मामांना बोलावायचा आवाज त्यात आहे. ती बोलत नव्हती माझ्याशी. मावशी म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नात बी सरच बोलले होते. मामा पान खायला गेला होता, त्याला बरोबर शोधून आणला त्या आवाजानं." आणि कॉम्प्युटर बंद करून ती बाजूला झाली. त्यानं पिशवीतून स्वतःची नवी कोरी डिस्क काढली. मी मावशीचं सगळं तीवर उतरवलं, एकेक दाखला उघडून दाखवला, आणि तुम्ही बसवलेली डिस्क बाहेर काढली. पालथी केली. नंबर तोच, शेवटच्या अक्षरापर्यंत. मोठी चिप तीच. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "बहीण सापडली." आणि त्यानं मला मिठी मारली, सर, चकलांब्याच्या भर रस्त्यावर. मी हात खाली सोडून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, दुकानाचं शटर अर्धं ओढून मी कामाला बसलो. पंखा बंद केला, कारण गरम हवेच्या बंदुकीसमोर वारा चालत नाही, आणि मला तुमची मागची खोली आठवली. तो मोबाइलची बत्ती धरून उभा. जळक्या बोर्डावरची चिप सुटायला आली की आधी किंचित डुलते, ओल्या साबणावर ठेवल्यासारखी. तुम्ही म्हणायचात, ओढू नको, ती स्वतः हात देईल तेव्हा उचल. बीडचं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं नसतं तर हे करायला मला कुणी शिकवलं नसतं, असं मी लोकांना सांगतो, पण ते खरं नाही. कॉलेज मी ह्याच्यासाठी सोडलं नाही. लॅबमध्ये एक मास्तर तुमच्यावरून बोलला, रस्त्यावरचा मेकॅनिक म्हणाला, मी त्याची कॉलर धरली आणि परत गेलो नाही. तुम्ही असता तर मलाच कानाखाली दिली असती आणि हाताला धरून बीडला नेऊन बसवलं असतं. तुम्ही नव्हता. चिप सुटली. चिमट्यानं उचलली, चकलांब्याच्या बोर्डावर, पायाला पाय लावून बसवली. बत्ती बोर्डावर नाचत होती. मी म्हणालो, "श्वास घे बे, मरशील." तो म्हणाला, "तू घेतोयस का?" मी पण घेत नव्हतो.

बोर्ड तुमच्या डिस्कवर बसवला, चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळले, वायर लावली. फिरण्याचा आवाज आला, मग आत डोकं हलल्याची बारीक टिकटिक, एकदाच. आणि स्क्रीनवर तुमच्या दुकानाचं नाव आलं, डिस्कला तुम्ही दिलेलं. तो ओरडला नाही. बत्ती खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाला, "मी त्यांना घेऊन येतो. तू थांब, कुठं जाऊ नको." मी कुठं जाणार होतो? तो अनवाणीच पळाला, चपला माझ्या दुकानात ठेवून.

ते येईपर्यंत मी सगळं उतरवून घेतलं. काकू आल्या तेव्हा श्वास लागलेला. तुमची लेक दारातच उभी राहिली, आत येईना. मी मामांचा पुकारा लावला. "मुलीच्या मामांना विनंती, मुहूर्ताची वेळ होत आलेली आहे, मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं, मामा, पान नंतर खा." एवढ्या वर्षांनी तुमचा आवाज त्या गल्लीत. काकूंनी झटकन डोक्यावर पदर घेतला, तुम्ही समोरून आल्यासारखा. आणि तुमची लेक आधी हसली, "बाबा किती ओरडतात बाई," म्हणाली, आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझा खांदा तिथून दोन हातांवर होता. मी परत एकदा लावतो म्हणालो आणि स्क्रीनकडं बघत राहिलो.

मग तिनं विचारलं, "नवरदेवाला बोलवायचा पुकाराबी होता ना रे? बाबांनी जोडीनंच केला होता." मी म्हणालो, ती फाईल खराब झालीय, बाकीच्या निघाल्या हेच लई झालं. ती हिरमुसली. तो म्हणाला, "जाऊ दे, मला काय, मला हा भाऊ पुकारेल. काय भावा?" मी मान हलवली.

लग्न गेवराईतच झालं, कार्यालयात, भर उन्हाळ्यात. माइक माझ्याकडं होता. मित्र नाचत होते, बँड थांबेना, नवरदेव बाहेर घामाघूम. मी पुकारलं, नवरदेवांनी मंडपात यावं. आवाज फाटका निघाला, पण तो आला, माझ्याकडं हात हलवत. मग मी तुम्हाला लावलं. जुनी माणसं माना वळवून माइककडं बघायला लागली आणि तिथं मी दिसलो तेव्हा त्यांनी माना परत वळवल्या. तिचा मामा एका जागी खिळला, मग भानावर आला आणि आत धावला. ती आली, पाटाशेजारी उभी राहिली, अंतरपाट धरला, आणि तिनं एकदा वर भोंग्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही. तुमच्याकडं.

ही पानं मी कुठं देणार नाही. काकूंच्या हाती लागता कामा नयेत, तिच्या तर नाहीच, कारण एक गोष्ट राहिली आहे. ती फाईल खराब नव्हती. तो चपला टाकून पळाला तेव्हा मी सगळ्यात आधी तीच ऐकली. तुम्ही म्हणता, "नवरदेवाच्या मित्रांना हात जोडून विनंती, नाच आवरा, आमच्या नवरदेवाला मंडपात येऊ द्या," आणि ते कापायचं राहून गेलंय, तुमच्या मागं कुणीतरी फिसकन हसतं, ते मी, आणि तुम्ही माइकसमोरच म्हणता, "हसतो कावून बे? तुझ्या टायमाला तासभर उन्हात उभा करीन तुला, मग पुकारीन." कुणाच्या दारात उभा करणार होता, ते तुम्ही बोलला नाहीत. त्याला तुमची लेक मिळाली, खुर्ची मिळाली, आई मिळाली. हे त्याला द्यायचं माझ्या जिवावर आलं, सर. फाईल चांगली आहे. माझ्याकडं आहे.